टिटवीच्या बाहीवरच्या चार रेघा

ठकूनं ती कादंबरी अकरा वेळा वाचली होती. बाराव्यांदा उघडली तेव्हा आत्या म्हणाली, "काय गं, या खेपेला शेवट बदलला का?" ठकूला असले विनोद खपत नसत. सतराव्या वर्षी माणूस पुष्कळ काही सहन करतं, पण लाडक्या पुस्तकाची थट्टा नाही.

कादंबरी टिटवी नावाच्या मुलीची. दहाव्या वर्षी तिचा बाप जातो, अंगावर त्याचा कोट तेवढा उरतो आणि पोर काकूच्या दारात येऊन पडते. काकू म्हणजे नुसता दगड. हसणं नाही, जवळ घेणं नाही. पहिल्याच संध्याकाळी ती पोरीच्या अंगातला कोट ओढून काढते आणि सकाळी खुर्चीवर फेकते. सोळाव्या वर्षी टिटवी पहाटे घर सोडते. मागे चिठ्ठी, 'मला शोधू नका.' शेवटच्या पानावर ती पुलावर थांबते, कोटाच्या बाहीवरच्या चार फिकट रेघांवरून बोट फिरवते आणि चालायला लागते. या पानाला ठकू अकराही वेळा ढसाढसा रडली होती.

टिटवीच्या वाचकांचा मोबाइलवर एक गट होता आणि तिथे ठकूचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. कारण त्या रेघा कसल्या हे लेखिकेनं कुठेच सांगितलं नव्हतं आणि ठकूनं लांबलचक लेख लिहून सिद्ध केलं होतं की ती बापाला दिलेली चार वचनं आहेत. कुणी वेगळा सूर काढला की बाकीचे त्याच्यावर तुटून पडत. काकूबद्दल तर वादच नव्हता. तिला शिव्या घालायला सगळे एका पायावर तयार.

ठकूही आठव्या वर्षी आत्याकडे आली होती. आई गेलेली, वडील जहाजावर. आत्याचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. पुढच्या खोलीत मशीन, मागे राहायच्या दोन खोल्या. कंबर वाढवा, चेन बदला, पॅन्ट आखूड करा, दिवसभर हेच. तोंडात टाचण्या धरून काम करायची सवय, त्यामुळे आत्या कमी बोलायची. टाचण्या नसल्या तरी फारसा फरक पडत नसे.

ठकूनं एक गोष्ट तिच्यापासून लपवली होती. दुसऱ्या गावच्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता, वसतिगृहासकट. वडिलांनी जहाजावरून होकार कळवला होता, आणि "आत्याला मीच सांगते" म्हणून ठकूनं त्यांना गप्प बसवलं होतं. सांगायचं मात्र नव्हतं. सोमवारी सकाळी आत्या दोरे-बटणं आणायला बाजारात जाते. ती गेली की चिठ्ठी मशीनवर ठेवायची आणि निघायचं. टिटवीसारखं. चिठ्ठी लिहून तयारही होती.

त्याआधी रविवारी गटाचा मेळावा होता. प्रत्येकानं कादंबरीतलं एकेक पात्र होऊन यायचं. टिटवी कोण होणार हा प्रश्नच नव्हता.

"आत्या, मला एक कोट शिवून दे ना. मोठ्या माणसाचा. बाहीवर पांढऱ्या दोऱ्यानं चार रेघा काढ."

"कशाला?"

"वचनं आहेत ती."

आत्यानं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "मुलगी उभी कशी राहते? खांदा कुठला पडका?"

"अगं, पुस्तकातली मुलगी आहे ती!"

"असेना. गिऱ्हाईक बघितल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही. आण ते पुस्तक."

ठकूला हसूच फुटलं, पण पुस्तक दिलं. जिथे जिथे कोट येतो तिथे तिनं कागदाचे तुकडे खोवलेच होते. दोन दिवस आत्या दुपारी गिऱ्हाईक नसलं की चष्मा लावून बसायची. तुकड्यांची पानं संपली तरी तिनं पुस्तक ठेवलं नाही. मधली पानंही वाचली. ठकू मनात सुखावली. चला, आपल्या टिटवीला आणखी एक माणूस मिळालं.

शुक्रवारी आत्यानं तिला बोलावलं. "या रेघा काढायच्या नसतात गं. त्या पडतात."

"म्हणजे?"

"बाही आत दुमडून शिवली की कडेला घडी बसते. मग ती उसवून बाही वाढवली की जुन्या घडीची रेघ राहते. कितीही इस्त्री फिरवा, जात नाही. चार रेघा म्हणजे चारदा वाढवलीय."

"काहीतरीच! कोण वाढवणार?"

"घरात दुसरं आहे कोण?"

ठकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काकू? ती काकू? तिनं कोट हिसकावला होता!"

"संध्याकाळी नेला, सकाळी दिला. मधल्या वेळात काय केलं असेल?" आत्यानं कागदाचा पहिला तुकडा काढला. "हे बघ, दारात आली तेव्हा बाहीतून पोरीची बोटंही दिसत नव्हती. दुसऱ्या दिवशी भिंतीवर चढली तेव्हा बाही मनगटाशी. तेराव्या वर्षी तळ्यावर, मनगटाशी. घर सोडताना, तरी मनगटाशी. हात वाढतो बाई, बाही आपोआप वाढत नाही."

"लेखिकेची चूक असेल."

"चूक एकदा होते. आणि मग रेघाही चुकून पडल्या का?"

ठकूनं पुस्तक हिसकावून घेतलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावलं. गटावर विचारावं म्हणून मोबाइल उचलला, पण काय लिहावं सुचेना. मग ती स्वतःच पानं तपासायला बसली. भिंत. तळं. पहाट. आत्या म्हणाली ते शब्द न शब्द खरं निघालं. अकरा वेळा वाचून तिला जे दिसलं नाही ते पॅन्ट आखूड करणाऱ्या बाईनं दोन दुपारींत पकडलं होतं. आधी तिला भयंकर लाज वाटली. तो लेख आठवला आणि कान गरम झाले.

नंतर मात्र तिला दुसरंच काहीतरी सुचलं. टिटवी पहाटे निघाली. मग उजाडलं असेल. काकू उठली असेल, तिनं हाक मारली असेल, चिठ्ठी उघडली असेल. कादंबरीत हे कुठेच नाही. कादंबरी टिटवीच्या मागोमाग पुलावर जाते, आणि ठकूही तीन वर्षं तिच्याच मागे पुलावर जात होती. त्या घरात सकाळी काय झालं असेल, असा प्रश्नसुद्धा तिला कधी पडला नव्हता. काकूबद्दल एवढं लिहिलं, पण काकूच्या स्वयंपाकघरात ती एकदाही थांबली नव्हती. आता ती तिथे थांबली, आणि तिला तिथून हलता येईना.

संध्याकाळी आत्या कोटाचं माप घ्यायला आली. टेप ठकूच्या खांद्यावर टेकली आणि ठकूच्या तोंडून निघून गेलं.

"आत्या, मी सोमवारी जाणार आहे. तीन वर्षांसाठी. कॉलेजला."

टेप तिथेच राहिली. "बाबाला माहीत आहे?"

"हो."

"म्हणजे मलाच नाही." आत्या स्टुलावर बसली. "चिठ्ठी ठेवणार होतीस?"

ठकूनं होकारार्थी मान हलवली.

"वाच."

"नको ना आत्या."

"माझ्यासाठीच लिहिलीस ना? मग वाच."

ठकूनं दप्तरातून चिठ्ठी काढली. लिहिताना ती फार भारी वाटली होती. आता तिनं ती खाली बघत वाचली. "'आत्या, नऊ वर्षं माझी अडचण सहन केलीस. आता तुझी सुटका झाली. माझी काळजी करू नकोस.'"

आत्याचा चेहरा लाल झाला. "अडचण? कोण म्हणालं अडचण? मी म्हणाले? कधी म्हणाले, तारीख सांग!" ती ओरडली आणि ओरडता ओरडताच रडायला लागली. ठकूनं तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं. जवळ जावं की न जावं, तिला कळेना. शेवटी ती स्टुलाशेजारी फरशीवर बसली.

आत्यानं पदरानं नाक पुसलं.

"आत्या," ठकू हळूच म्हणाली, "त्या काकूनं टिटवीला कधी सांगितलं का नाही? एकदा तरी?"

आत्यानं जरा विचार केला. "तिला वाटलं असेल, पोरीला दिसतंय."

"नाही दिसलं," ठकू म्हणाली, आणि तिनं आत्याच्या मांडीवर डोकं ठेवलं.