डावीकडचा बाण

कळमनुरीच्या वाचनालयात कंप्युटर आला तो २००२ साली. पुस्तकांची यादी त्यावर चढवायचं काम प्रज्ञेशकडे आलं. गावातल्याच किशनरावांचा हा थोरला पोरगा नांदेडहून कंप्युटरचा कोर्स करून आलेला. गावात त्याच्याइतकं जाणणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

वाचनालयात उर्दू पुस्तकांची दोन कपाटं होती. ती सांभाळायचे मुनीर मास्तर, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. अध्यक्ष संतरामजींनी बैठकीत साफ सांगितलं होतं, मास्तरांना कंप्युटर चालवता आला तर उर्दू विभाग राहील; नाहीतर कपाटं नांदेडच्या वाचनालयाला देऊन टाकू, जागा तरी मोकळी होईल.

प्रज्ञेशनं आधी मराठी यादी केली आणि उर्दूला तोच साचा वापरला. उर्दू नावं चित्रासारखी चिकटवून उजव्या कडेला नीट लावली. खाली पान बदलायला दोन बाण होते. उजवा पुढं जायचा, डावा मागं यायचा.

मास्तर रोज दुपारची नमाज उरकून शिकायला येत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "प्रज्ञेश, हा बाण मला उलटा वाटून राहिला रे."

"काहून मास्तर?"

मास्तरांनी कपाटातलं एक पुस्तक काढून त्याच्यापुढं उघडलं. "हे बघ. आमचं पुढचं पान डावीकडं असते."

"ते पुस्तकात, मास्तर. कंप्युटरमध्ये असंच असते."

"अस्सं? म्हणजे मशीन इंग्रजी शाळेत शिकलेली दिसते." मास्तर हसले आणि वहीत लिहून घेतलं, पुढं जायचं तर उजवीकडं. लिहिलं अर्थात उर्दूत, उजवीकडून डावीकडं.

बाण फिरवायला प्रज्ञेशला अर्धा तास पुरला असता.

महिन्यानं समितीची पाच माणसं खुर्च्या मांडून बसली. "मास्तर, तुमच्या आवडीचं एखादं पुस्तक काढून दाखवा," संतरामजी म्हणाले. पुस्तक यादीच्या तिसऱ्या पानावर होतं. मास्तरांनी डावा बाण दाबला. काहीच झालं नाही. वही बघून उजवा दाबला, दुसरं पान आलं. तिसऱ्यासाठी हात पुन्हा डावीकडं गेला आणि पडद्यावर पहिलं पान परत आलं. असं तीनदा झालं.

"मास्तर पुढं जाऊन राहिले का माघारी येऊन राहिले?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"मास्तर, उलटं दाबून राहिलात," प्रज्ञेश मागून म्हणाला.

मास्तरांनी हात काढून घेतला, रुमालानं पुसला. "डोकं चालत न्हाई आता," ते म्हणाले. "वय झालं."

मास्तरांनी उघडून दाखवलेलं पुस्तक प्रज्ञेशला त्या क्षणी आठवलं होतं. पण समोर पाच जण होते आणि कंप्युटरचं सारं त्यालाच कळतं असं त्या पाचांचं मत होतं. त्यानं पुढं होऊन स्वतःच ते पुस्तक काढून दाखवलं.

पुढच्या आठवड्यात कपाटं टेंपोनं नांदेडला गेली. मास्तर पुन्हा वाचनालयाची पायरी चढले नाहीत.

२००८ साली प्रज्ञेश पुण्यात आखाती देशांसाठी तिकीट काढायच्या वेबसाइटचं अरबी पान बनवत होता. सोबतची सपना त्याचं काम तपासता तपासता म्हणाली, "मजकूर उजवीकडून डावीकडे फिरवलास, मग बाण का तसेच ठेवलेस? त्यांचं पुढे म्हणजे डावीकडे. पहिला धडा आहे हा."

दिवाळीला तो गावी आला तेव्हा जुनी यादी दुरुस्त करून लॅपटॉपमध्ये घेऊन आला होता. मास्तर आपल्या घरच्या अंगणात बाजेवर बसले होते. त्यानं लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांचं बोट न विचारता डाव्या बाणाकडं गेलं. दुसरं पान आलं. मग तिसरं. मास्तर शेवटच्या पानापर्यंत गेले, कुठंही न चुकता. तिथली नावं ते बराच वेळ वाचत राहिले. त्यातलं एकही पुस्तक आता गावात नव्हतं.

"म्हणजे त्या दिवशी मी बराबर होतो?"

"व्हय मास्तर. चूक माझी होती. तुमी सांगितलंही होतं."

मास्तरांनी लॅपटॉप जपून त्याच्याकडं सरकवला.

"मग तवाच म्हणायचं होतं रे, चार लोकांत. संतरामजी तर मागच्या साली गेले. आता कोणाला सांगून राहिला?"