कडवं विसरली म्हणे

आमच्या फेरो बेटांवर नाचाला वाद्य लागत नाही. सगळ्यांनी हात धरून साखळी करायची, लाकडी जमिनीवर पाय आपटायचे, एकाने कडवं म्हणायचं, बाकीच्यांनी ध्रुपद. हानुस म्हटलं की गाणं, अशी माझ्या बाबांची गावात ओळख. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा गाण्याचा आवाज गेला, तेव्हा बुडालेल्या नावेचं गाणं त्यांनी माझ्याकडे दिलं. शंभरावर कडवी आहेत. ती पाठ असणारी गावात आता आम्ही दोघंच.

माझा बारदुर झाला तो व्हॅक्यूम लावून ओढून काढल्यावर. मी पार मागपर्यंत फाटले. टाके सुरेख बसलेत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सुरेख! पडद्याला झालर लावली होती जशी काही. पाच महिने झाले तरी मला पादणं थांबवता येत नाही, आणि कधीकधी त्याच्यापुढचंही. उभं राहिलं की अंग बाहेर येतंय असं वाटतं. व्यायाम दिलेत, आवळायचं आणि सोडायचं. बाळाला पाजताना आवळते, बटाटे सोलताना आवळते. पण ज्याने आवळायचं तेच फाटलंय, त्याचं काय करू?

"या वर्षी नको नाचूस," टेइतुर म्हणाला. माझा नवरा. घरात हे फक्त त्याला माहीत.

"मग कडवी कोण म्हणणार?"

"म्हणेल कुणीतरी. गावात घसे कमी आहेत का?"

"बाबांना तू सांगशील? आणि कारण काय सांगशील?"

तो बारदुरचा लंगोट बदलायला उठला. एरवी हाक मारावी लागते.

ईस्टरआधीचे उपवास सुरू होतात, त्याच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी नाच होता. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. क्रीमचे पाव समोरून फिरले, तेही नाही. साखळीत डावीकडे बाबा, उजवीकडे बिल्लामावशी. पहिलं कडवं म्हटलं आणि आवाज असा लागला की मला रडूच आलं. कितीतरी दिवसांनी मी माझी होते. बाबा ओठ हलवत होते.

नाव फुटते त्या कडव्याला सगळे जोरात पाय आपटतात. तिथे आतून काहीतरी सुटायला लागलं. पुढचं कडवं म्हणायला श्वास घेतला असता तर सगळंच गेलं असतं. मी तोंड मिटलं आणि जीव खाऊन आवळलं.

म्हणणारा अडला की आमच्याकडे ध्रुपद पुन्हा म्हणतात आणि हात आणखी घट्ट धरतात, त्याला आठवावं म्हणून. तसंच झालं. बाबांनी कानाशी घोगऱ्या आवाजात ओळ सुरू करून दिली, "थोरला म्हणाला धाकट्याला..."

मला ती येत होती. त्याच्या पुढचीही येत होती.

"हात सोडा," मी म्हणाले.

"अगं येतंय तुला, म्हण ना!" बाबा म्हणाले.

"बाळंतीण आहे ती," बिल्लामावशी हसत सगळ्यांना म्हणाली. "डोकं सगळं पाळण्यात. थांबा, आठवेल!"

सगळे मायेने हसले आणि तिसऱ्यांदा ध्रुपद म्हणाले. माणसं किती चांगली असावीत! तेवढ्यात ते गरम, मांडीवरून खाली आलं. लोकरीचा जाड घागरा होता म्हणून दिसलं नाही. मी हात हिसडून सोडवले.

"नाही आठवत मला, बाबा."

संडासात कडी लावून मी घागरा बेसिनमध्ये धुवायला घेतला. बाहेर गाणं पुन्हा सुरू झालं. बिल्लामावशीचा ब्रांदुर म्हणत होता, जमेल तसं. त्याने भावांच्या निरोपाची दोन कडवी सरळ गाळली. कुणालाच कळलं नाही.

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली.

"सुन्नुवा," बाबांचा घोगरा आवाज. "दोन कडवी गाळली त्याने. तुला कळलं का गं?"

किती आशेने विचारलं त्यांनी! कळलं म्हटलं असतं, तर मग तू का थांबलीस, हा प्रश्न आलाच असता. मी नळ बंद केला. पायाखाली घाणेरडं पाणी साचलं होतं.

"नाही, बाबा."



"बरं," ते म्हणाले. "मग ब्रांदुरलाच शिकवतो."