वर केलेला हात

सिद्धू घरी आल्यापासून माझ्याशी धड एक शब्द बोलला नव्हता. चहा हवा का विचारलं तर मान हलवायची, कालवण कसं झालं विचारलं तर बोटांनीच 'छान' अशी खूण करायची. पुण्याला विद्यापीठात गाणं शिकवतो, आता आईपुढं तोंड उघडणं कमीपणाचं वाटत असणार. शेवटी मी त्याच्या ताटात भाकरी आपटली.

"मुक्याला वाढतीय का मी?"

तो नुसता हसला. गळ्याभोवतीचा मफलर मात्र त्या उकाड्यातही सोडला नाही.

"आजी, कार्यक्रमाच्या आधी सर बोलत न्हाईत," बरोबर आलेली दिपाली म्हणाली. पिंपळीची ही पोरगी त्याची विद्यार्थिनी. "गळा जपत्यात."

"मिरजंला शिकत हुता तवा काय गळा नव्हता? तवा सुट्टीत आला की चुलीपाशी बसून अख्ख्या सणसर गावाच्या नकला करायचा."

दिपालीनं मान खाली घातली. मला ते बरं वाटलं नाही.

सकाळी तो विहिरीवर मोटारीला चिकटून उभा होता. तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताठ. पण ऐकू येत होती ती नुसती मोटार. रियाजाला हीच जागा सापडली का, म्हणून मी चडफडत परतले. आमची मेंढरं होती तेव्हा हा टेकावरून हाक द्यायचा आणि पलीकडच्या माळावरचा कळप माना वर करायचा. तोच आवाज त्यानं मिरजेत बारा वर्षं घासला.

संध्याकाळी भवानीनगरला नवरात्रातलं गाणं होतं. मी पुढेच बसले. गुरूनं गायचं, शिष्यानं मागं तंबोरा धरायचा आणि गुरू दम घेईल तेवढी जागा भरायची, ही त्यांची रीत. पण सिद्धू वर चढत जायचा आणि दम संपायच्या आधीच हात वर करायचा. पुढचं सगळं दिपाली गायची.

"शिष्येला पुढं करत्यात बघा. केवढं मन," शेजारची सारजा म्हणाली.

एकदा दिपाली तंबोऱ्याची तार लावत होती. तिला तो हात दिसला नाही. सिद्धूच्या तोंडून फाटक्या भात्यातून यावा तसा वारा आला. तबलजीनं घाईनं तुकडा वाजवला. लोकांनी टाळ्या दिल्या.

गाणं संपल्यावर मी पडद्यामागं पोरीचं मनगट धरलं.

"कधीपासनं?"

"उन्हाळ्यापासनं, आजी. गळ्यात गाठ हाय. डॉक्टर म्हणत्यात लगेच कापा. कापल्यावर आवाज ऱ्हाईल असं न्हाय सांगत. आन् न्हाय कापलं तर..." तिनं पदरानं नाक पुसलं. "सर म्हणाले, आईला एकदा ऐकवतो, मग बघू."

सिद्धू मांडीवर नारळ घेऊन बसला होता. माणसं पाया पडत होती. मला बघून तो खरवडल्यासारखं कुजबुजला, "कसं झालं, आये?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"तू कुठं गायलास, सिद्धू? ही पोरगी गायली. तुझ्यावानी गायली. मी ऐकलं. आता सकाळच्या गाडीनं चल, गळ्यातली गाठ कापून घ्यायची."