मी आलो, निघ

"माझ्यानं नाही होणार, बेटा. माईकसमोर गेलो की नुसती मुंडी हलते माझी. माझा जोडीदार दगा बोलंल," ताराबाईंच्या केसांना तेल लावता लावता मोतीराम म्हणाले.

भारतीने चहाचा कप ओट्यावर जरा जोरातच ठेवला. आईची उजवी बाजू लुळी पडल्यापासून तेल, वेणी, दात घासणं, सगळं बाबाच करत. गिरणीतून यायचे, हात धुवायचे आणि आईच्या खुर्चीमागे उभे राहायचे. भारती बऱ्हाणपूरला कॉलेजात शिकवायची. दर रविवारी कागद गिरणीच्या वसाहतीत यायची आणि संध्याकाळच्या बसने परत जायची.

कामगार कायद्यांत अलीकडे झालेल्या बदलांनी नेमकं काय साधलं, हे तपासायला सरकारने एक स्वतंत्र समिती नेमली होती. गावोगाव फिरून ती कामगारांचं म्हणणं ऐकत होती. उद्या बऱ्हाणपूरची पाळी. मराठी-खानदेशी बोलणं समितीला हिंदीत करून सांगायचं काम भारतीकडे आलं होतं. नव्या कायद्याचं नाव सांगून गिरणीने आठ तासांची पाळी बारा तासांची केली होती. त्याबदल्यात मिळणारी जादा सुट्टी फक्त फलकावर असायची. सुट्टीच्या दिवशीही बोलावणं यायचंच. हे बाबांनी स्वतः सांगावं, असं तिला फार वाटत होतं.

तेवढ्यात मावा जिलेबीचा पुडा घेऊन दगा आला. गिरणीत तो मोतीरामांची बदली: दिवसभर मशीनवर मोतीराम, रात्री दगा.

"तोंड गोड करा, वहिनी. उद्या सरकारसमोर बोलून राहिलो मी. अन् माझं बोलणं सांगणार तुमची पोरगी, म्हंजे माझी इज्जत तिच्या हातात."

ताराबाई अर्ध्या ओठाने हसल्या. रात्रभर मशीनवर उभं राहून सकाळी हा काय बोलणार, म्हणून त्याची आजची रात्र मोतीराम काढणार होते, हे भारतीला तेव्हा बोलण्यातून कळलं.

"आणि उद्या दिवसा? तुमची पाळी?"

"ती तर माझीच आहे."

"बाबा, हेच तर समितीला सांगायचं आहे ना?"

"मोतीभाऊ," दगा म्हणाला, "ही तर आत्ताच जबानी घेऊन राहिली."

दोघं हसले. भारतीलाही हसू आलं. रात्री आणि उद्या दिवसभर आईजवळ शेजारच्या मालूबाई बसणार होत्या. सगळं ठरलेलंच होतं.

संध्याकाळी बापलेक सोबतच निघाले. बसथांबा गिरणीच्या फाटकासमोर होता. लहानपणी भारती इथे डबा घेऊन यायची. आत मशीनचा आवाज इतका की कोणाला कोणाचं ऐकू यायचं नाही. बदलीचा माणूस मागून यायचा, खांद्यावर हात ठेवायचा आणि कानाशी म्हणायचा, "मी आलो, निघ." बदली समोर दिसली तरी आधीचा माणूस हलत नसे, हात आणि शब्द, दोन्ही लागत. एकदा तिने गमतीत बाबांच्या खांद्यावर हात ठेवला होता. ती बोलणार, एवढ्यात बाबांनी तिच्या तोंडावर पंजा धरला होता. "खेळात नाही म्हणायचं हे. म्हटलं की मग सगळं तुझं."

आज त्यांचा उतरलेला खांदा बघून तिच्या ओठांवर काहीतरी आलं. पण बस आली. बाबांनी फाटकातून हात वर केला आणि ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी सभागृहात दगा छान बोलला. "बायको ताट वाढते अन् मी ताटापाशीच झोपतो. एकदा जाग आली तर हात वरणात." लोक हसले, अध्यक्षबाईसुद्धा. मग त्यांनी हिंदीत विचारलं, सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर नकार का देत नाही? भारतीने प्रश्न मराठीत सांगितला. दगाने माईक जवळ ओढला.

"नाही म्हटलं तर उद्यापासून घरीच बसा म्हणतात. आज मी इथं बसलो ना, तर माझ्यापायी एक माणूस काल रातपासून मशीनवर उभा आहे. हे लिहा तुम्ही."

"वे कल रात से खड़े हैं," भारती म्हणाली. तिचा आवाज एकसारखा होता.

तेव्हाच गिरणीतला योगेंद्र मागून आला आणि त्याने दगाच्या खांद्यावर हात ठेवला. सवयीने दगा ताडकन उठला, पण कानाशी शब्द आले नाहीत. मग त्याने वळून पाहिलं. योगेंद्र त्याच्याकडे बघत नव्हता. तो भारतीकडे बघत होता.

"मोतीकाका मशीनपाशी पडले. दवाखान्यात नेलं... पण नाही राहिले."

"मोतीकाका मशीन के पास गिर पड़े," भारतीने समितीला सांगितलं. "अस्पताल ले गए, पर नहीं रहे."

अध्यक्षबाईंनी हळूच विचारलं, "कौन हैं ये?"

भारती योगेंद्रकडे वळली. हा प्रश्न मराठीत करून त्याला विचारायचा होता. तोंड उघडलं आणि ती तशीच थांबली. मग पुन्हा समितीकडे वळून म्हणाली, "मेरे पिताजी."

दुपारी त्यांना घरी आणलं. ओटा, अंगण माणसांनी भरलं होतं. योगेंद्र कोणाला तरी पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. सकाळपासून काकांचा चेहरा घामाने डबडबला होता. सुपरवायझरही म्हणाला, जा घरी. "मी म्हटलं, काका, निघा. तर म्हणे, बदली येऊ दे." ती रीत त्यालाही ठाऊक होती, पण त्याचं स्वतःचं मशीन चालू होतं. ते सोडून तो काकांच्या खांद्यावर हात कसा ठेवणार होता?

दगा अंगणाच्या फाटकाशीच उभा होता, आत येत नव्हता. ताराबाई खुर्चीत होत्या. काल बाबांनी घातलेली त्यांची वेणी एका बाजूने सुटली होती. ती बघून भारतीला इतका वेळ न कळलेलं कळल्यासारखं झालं. ती उठली. आईची वेणी तिने सोडली, हाताने केस विंचरले, वेणी पुन्हा घातली.

मग ती बाबांजवळ बसली. पांढऱ्या कापडावरून तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मशीनजवळ राहून राहून बाबांना कमी ऐकू यायचं, म्हणून कानाशी वाकून, तरी सगळ्या अंगणाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती म्हणाली,

"बाबा, मी आले. तुम्ही निघा."