माळढोक आणि अक्कूचा भोंगा

बैलगाडीत सगळे गप्प बसले होते, अगदी मौनव्रत घेतल्यासारखे. जुवाजवळ गाडीवान कुंडलिक, त्याच्यामागं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे बिराजदार सर, सरांच्या शेजारी पुण्याहून आलेले वनखात्याचे मानसिंगराव साहेब. आणि मागं कडब्यात दाक्षायणी, तिच्या सासूबाई गिरिजाबाई आणि त्यांच्या मांडीवर तान्ही अक्कू.

खरं म्हणजे माळढोक बघायला अक्कूनं येण्याचं काही कारण नव्हतं. पण ती बाटलीला तोंड लावत नसे, आणि दाक्षायणीला घरी राहायचं नव्हतं. बी.एस्सी. झाल्या झाल्या लग्न, लग्नामागोमाग बाळ, आणि आता कुठं सरांच्या हाताखाली पक्ष्यांच्या अभ्यासाचं काम मिळू घातलं होतं. आज साहेबांना नर माळढोकाचा नाच दिसला, की वनखातं आणि कॉलेज मिळून नान्नजच्या माळावर अभ्यासकेंद्र काढणार होते. खोली आणि जीप खात्याची, मुलं आणि दुर्बिणी कॉलेजच्या, आणि नोकरी दाक्षायणीची. नाही दिसला, तर साहेब संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला आणि दाक्षायणी परत चुलीपुढं.

काल पक्षी लांबूनच उडून गेला होता. सरांनी रात्रभर विचार करून निदान केलं, आवाज फार होतो. म्हणून आज बैलांच्या गळ्यातली घुंगरं काढली, चाकांना वंगण पाजलं, आणि सगळ्यांना खाकी घालायला लावली. गिरिजाबाई तेवढ्या हिरव्या इरकलीत आल्या होत्या. "खाकी लुगडं कुटं मिळतंय ते सरानी आणून द्यावं, नेसते की," असं त्यांनी निघतानाच सुनावलं होतं.

दाक्षायणीची एक नजर गवतावर, दुसरी अक्कूवर. अक्कूचे कान लाल झाले होते. आता खालचा ओठ पुढं येईल, मग हनुवटी थरथरेल... दूध पाजून झालं होतं, लंगोट कोरडा होता, पोटावर हिंगही चोळला होता. मग आता काय राहिलं?

"अत्ते, तिला जरा हलवा ना," ती कुजबुजली.

"हलवून हलवून माझा हात गळला. गाडीत बोलायचं न्हाय म्हंजे पोरीनं काय करावं?"

"श्श!" सर मागं वळले.

तेवढ्यात गवतातून पांढरी मान वर आली. काठीसारखी ताठ. पक्षी गाडीकडं रोखून बघत होता आणि पंख सैल करत होता.

"गेला," साहेब पुटपुटले.

आणि अक्कूनं भोंगा काढला. सोलापुरातल्या गिरण्यांनी वेळ लावून घ्यावी असा. सरांनी कपाळाला हात लावला. दाक्षायणीला वाटलं, नोकरी, जीप, केंद्र, सगळं आता पंख पसरून उडणार.

पक्ष्यानं मान खाली घातली आणि निवांत एक टोळ मटकावला.

अक्कू श्वास घ्यायला थांबली. मान पुन्हा ताठ. अक्कू रडली. मान खाली.

"सर!" दाक्षायणी ओरडलीच. "त्याला आवाजाचं भय नाही, आपण गप्प बसलोय त्याचं आहे! खाकी घालून मुकाट्यानं कोण येतं इथं? शिकारी! खुरपायला येणाऱ्या बायका पोरं झोळीत टाकून गलका करत येतात, त्यांना कशाला भिईल तो?"

"आँ?" म्हणून सर स्वतःच्या खाकी पँटीकडं बघत राहिले.

आता पक्ष्यानं रंगात यायचं, तर अक्कूला दाढीवाले साहेब दिसले. ती रडायची थांबली आणि बोळकं पसरून हसायला लागली.

मान ताठ!

"अत्ते, भांडा!"

"कुणाशी गं?"

"कुणाशीही!"

गिरिजाबाईंना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. शेजारच्या गुरम्मानं नळावर घागर पुढं सरकवली होती, तिथपासून त्यांनी अर्धं कानडीत, अर्धं मराठीत सुरुवात केली. कुंडलिक बैलांवर खेकसू लागला, "आरं चल की लेका, काय सासरवाडीला आलायस व्हय!" सर वर्गात शिकवल्यासारखे पृष्ठवंशीय प्राण्यांचे प्रकार मोठ्यानं सांगू लागले.

आणि माळढोकानं शेपटी पाठीवर उभारली. गळ्याची पांढरी पिशवी फुगत फुगत पार गवताला टेकली, आणि माळावरून खोल आवाज घुमला, हूंऽऽम.

"बघताय ना साहेब?" दाक्षायणीनं विचारलं.

साहेबांच्या डोळ्यांना दुर्बीण चिकटली होती. "केंद्र झालं समजा! बाई, तुम्ही पहिल्या तारखेपासून..."

पुढचं राहिलं. गिरिजाबाईंना ठसका लागला, सर मत्स्यवर्गात अडकले, कुंडलिक तंबाखू मळायला लागला, आणि अक्कू चक्क झोपली. माळ चिडीचूप. पिशवी अर्ध्यावर थांबली.

साहेबांनी दुर्बीण न काढता तोंड उघडलं, आणि वनखात्याचा तो भारदस्त माणूस गळा काढून रडला, "टॅहँऽऽ! टॅहँऽऽ!"

दाक्षायणीनं तोंडात रुमाल कोंबला. मग विचार बदलून तो काढला आणि साहेबांच्या सुरात सूर मिसळला. पहिल्या तारखेपासून करायचं ते आजपासूनच करावं.