नव्व्याण्णव मोठे की एकशे सात

हुई-शिनला पहिला मुलगा झाला आणि बाळंतपणाचा महिना काढायला ती तैपेईहून माहेरी, लुन-आला आली, त्या वर्षीची ही गोष्ट. प्रजासत्ताकाचं एकशे सातावं वर्ष नुकतं लागलं होतं. गावची रीत अशी, की बाळंतिणीनं महिनाभर गार पाण्याला हात लावू नये, केस धुऊ नयेत, वाऱ्यात बसू नये आणि डोळे ताणू नयेत. पहिल्या तीन गोष्टी हुई-शिननं निमूट पाळल्या. चौथी काही तिच्याच्यानं होईना. तैपेईत तिचं पोटच कॉम्प्युटरवर होतं, आणि लुन-आत त्याच सुमारास चुई-पेक चक्कर येऊन बांधावर पडले होते.

चुई-पेक म्हणजे चुईकाका. खरं नाव यांग मू-श्वे, पण ते फक्त त्यांच्या आरोग्यपत्रिकेवर. टेलिफोन खात्यातून निवृत्त होण्याच्या बऱ्याच आधी, कुणी न शिकवता, त्यांनी एक प्रोग्रॅम लिहायला घेतला होता. लुन-आ आणि आसपासची तीन गावं साबाही माशांच्या तळ्यांवर जगतात, आणि साबाहीला थंडी सोसत नाही. पाणी फार गार झालं की तो पोट वर करून तरंगायला लागतो. चुई-पेकचा प्रोग्रॅम तळ्यातल्या थर्मामीटरवर नजर ठेवायचा आणि वेळ आली की जमिनीखालचं ऊबदार पाणी ओढणारे पंप सुरू करायचा. दर हिवाळ्यापूर्वी ते त्यात काही सुधारत आणि पेनड्राइव्ह खिशात टाकून स्कूटरवरून चारही गावांना वाटत फिरत.

या वर्षी ते वाटणं राहून गेलं. डॉक्टरनं त्यांच्या हृदयात जाळी बसवली आणि स्कूटरला कुलूप लावायला सांगितलं. बाकीच्या गावांत प्रोग्रॅम होता तो मागच्या हिवाळ्याचा, आणि मागच्या हिवाळ्यात त्याने पंप उशिरा सुरू केले होते. टोपल्याच्या टोपल्या मेलेले मासे उचलले होते लोकांनी. त्यात हवामान खात्यानं सांगितलं, उत्तरेकडून थंडीची लाट निघाली आहे, चार-पाच दिवसांत पोचेल.

"मेलनं पाठवून द्या की," हुई-शिनची आई ले-हुन म्हणाली. ती मच्छीमार संघाच्या कचेरीत कामाला होती, त्यामुळे तक्रारींचे फोन तिच्याच कानावर पडत.

"एकदा पाठवला होता," चुई-पेक म्हणाले. "एका गावात त्याचं नाव झालं 'शेवटचा'. दुसऱ्यात 'खरा शेवटचा'. तिसऱ्यात 'हाच शेवटचा, दुसरा लावू नये'. आणि तिन्ही वेगळे!"

हुई-शिन हसली. मांडीवर बाळ, समोर लॅपटॉप. "चुई-पेक, आमच्याकडे यावर उपाय आहे. एक सामायिक कोठार उघडायचं. प्रोग्रॅम तिथं ठेवायचा. ज्याला हवा त्यानं तिथून ओढून घ्यायचा, ज्यानं सुधारला त्यानं परत तिथं ढकलायचा. कुणी, कधी, कुठली ओळ बदलली, सगळं कोठार लक्षात ठेवतं."

"आणि कुणी वेड्यासारखं बदललं तर?"

"तर मागचं परत आणायचं. काही हरवत नाही."

"डोळे!" ले-हुन स्वयंपाकघरातून ओरडली.

"मिटलेत, आई," हुई-शिन पडद्याकडे बघत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चुई-पेकनी आपलं मशीनच पुतण्याच्या ढकलगाडीवरून आणून ठेवलं. मशीनच्या डोक्यावर हिरव्या पाकिटातला मक्याचा खाऊ होता. मशीननं शहाण्यासारखं वागावं म्हणून तो ठेवतात. पाकीट हिरवंच लागतं आणि शिळं चालत नाही. चुई-पेकनी आधी पाकिटावरची तारीख बघितली, मगच मशीन चालू करू दिलं.

हुई-शिननं मशीन कोठाराला जोडायला घेतलं. ती टाइप करत होती आणि चुई-पेक चष्मा कपाळावर चढवून पडद्याशी नाक लावून बसले होते.

"हे काय लिहिलंस? हा शब्द."

"ओरिजिन. म्हणजे मूळ. त्या दूरच्या कोठाराला असंच म्हणायची पद्धत आहे. सगळेच म्हणतात."

चुई-पेक उभे राहिले. "मूळ? मूळ हे इथं आहे, या टेबलावर! केस काळे होते तेव्हापासून खपतोय मी, आणि मूळ कोण, तर काल रात्री उघडलेलं ते रिकामं खोकं?" त्यांनी टोपी उचलली. "पुतण्याला बोलव. मशीन घरी नेतो."

"चुई-पेक, बसा हो," ले-हुन रश्श्याचा वाडगा घेऊन बाहेर आली. "तिळाच्या तेलातली कोंबडी आहे. बाळंतिणीची आहे, पण तुम्हालाही चालेल."

"मला काही नको."

हुई-शिननं हात कळफलकावरून उचलले. प्रोग्रॅम गेला तर मासे गेले, आणि त्या तळ्यांत तिच्या बापाचं तळंही होतं. तिने आवाज खाली आणला. "नाव बदलता येतं. तुम्ही म्हणाल ते देते. पण आधी एक सांगा, तुम्ही देवळाच्या पंचांत आहात ना? आपली माझू देवी कुठून आली?"

"हे काय विचारणं झालं? मोठ्या देवळातून. पणजोबांनी तिथल्या धुपाटण्यातली राख आणली, आपल्या धुपाटण्यात घातली."

"मग तिथली राख कमी झाली?"

"राख कधी कमी होते का, खुळे!"

"आणि आपली देवी खोटी?"

"जीभ आवर! बाळंतीण आहेस म्हणून ऐकून घेतोय."

"दर वर्षी पालखी घेऊन तिकडं का जाता मग?"

"का म्हणजे? मुळाशी जायचं. तिथल्या धुरावरून पालखी फिरवायची, परत यायचं." बोलता बोलता चुई-पेक थांबले. टोपी हातातच राहिली.

"आता बघा," हुई-शिन म्हणाली. "इथं देऊळ नवं आहे, धुपाटणं रिकामं आहे. त्यात पहिली राख पडणार ती तुमची. पुढं चारही गावं पालख्या घेऊन तिथंच येणार. बदलू का नाव?"

चुई-पेकनी टोपी टेबलावर ठेवली. मग खाली बसले. "राहू दे. ओरिजिन तर ओरिजिन." आणि ले-हुनकडे वळून म्हणाले, "तो वाडगा कुठं गेला?"

चुई-पेकच्या मशीनवर दर हिवाळ्याचा एक फोल्डर होता. फोल्डरला नाव वर्षाचं. हुई-शिनला वाटलं, नुसता शेवटचाच कशाला, म्हाताऱ्यानं इतकी वर्षं काय काय केलं ते सगळंच ओळीनं कोठारात जाऊ दे. तिने एक छोटासा आदेश लिहिला, की हे फोल्डर नावाच्या क्रमानं घे आणि एकावर एक चढव. बाळ रडायला लागलं. एका हातानं त्याला थोपटत तिने दुसऱ्या हातानं कळ दाबली. पडद्यावर ओळी भराभर सरकल्या आणि प्रोग्रॅम मुळाशी जाऊन पोचला. तिन्ही गावांना फोन गेले. कसं ओढून घ्यायचं ते तिने देवळाच्याच दाखल्यानं समजावलं. चुई-पेकनी रश्श्याचा दुसरा वाडगा मागितला.

लाट यायची त्या दिवशी सकाळीच खाम-तिंग गावाहून बुन-श्योंगचा फोन आला. हा चाळिशीचा गडी, जीभ तिखट, संध्याकाळच्या वर्गाला जाऊन थोडंफार प्रोग्रॅमिंग शिकलेला. हुई-शिन त्याला लहानपणापासून श्योंग-को म्हणायची, म्हणजे श्योंगदादा.

"लेकरू कसं आहे? दूध पितंय ना?" बुन-श्योंग म्हणाला. "बरं. आता माझं चौथं तळं कुठं बुजवलंस ते सांग."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या त्या नव्या देवळाला माझी तीनच तळी माहीत आहेत. चौथं खणून किती वर्षं झाली! तुझ्याच बापानं यंत्र आणलं होतं खणायला."

हुई-शिननं कोठार उघडलं. सगळ्यात वर, सगळ्यात नवीन म्हणून, जे बसलं होतं त्यावर नाव होतं नव्व्याण्णव. इकडं वर्षं प्रजासत्ताकाच्या जन्मापासून मोजतात, आणि शंभरी अलीकडंच उलटली. तिच्या आदेशानं आकडे आकड्यांसारखे वाचलेच नव्हते, अक्षरांसारखे वाचले होते. एकनं सुरू होणारं आधी, नवानं सुरू होणारं शेवटी. शंभर ते एकशे सात खाली गेले आणि जुनं नव्व्याण्णव सगळ्यांच्या डोक्यावर चढून बसलं. आणि तेच चारही गावांच्या पंपांना जोडलेलं होतं.

"शाबास!" मशीनशी बसलेले चुई-पेक गडगडाटानं हसले. "तैपेईत राहून देशाचं वय विसरलीस!"

"तिथं कंपनीत दोन हजार अठरा लिहितात हो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "माझ्या लक्षातच आलं नाही."

"मग खोडून टाक ते सगळं. पुन्हा पहिल्यापासून लाव."

"नाही खोडायचं. लोकांनी ओढून घेतलंय. आता खोडलं तर त्यांचा आणि आपला धागा तुटतो. वर नवीन चढवायचं. चूक खाली तशीच राहील, माझ्या नावासकट."

"तुझ्या नावासकट? मग राहू दे," चुई-पेक खुशीत म्हणाले.

तिने एकशे सातावं वर चढवलं आणि मुळाकडं ढकललं. कोठारानं दार लावून घेतलं. पडद्यावर आलं, की तुमच्या आधी इथं कुणी तरी येऊन गेलं आहे, आधी त्याचं घ्या.

"कोण येऊन गेलं?" चुई-पेकचं हसू मावळलं.

हुई-शिननं ओढून बघितलं. "श्योंग-को. फोन केल्यावर थांबला नाही. स्वतःच चौथं तळं लिहून ढकललंय."

चुई-पेकचे कान लाल झाले. "माझ्या प्रोग्रॅमला हात लावला? त्या माकडानं? मी त्याला सायकल शिकवलीय!"

"तुमच्या आणि त्याच्या ओळी एकाच जागी आल्यात. कोठार विचारतंय, कुणाच्या ठेवू?"

"माझ्या. त्यात काय विचारायचं?"

"बघून तरी घ्या, काय लिहिलंय."

चुई-पेकनी चष्मा खाली ओढला. बाहेर वारा सुटला होता आणि तळ्यांच्या कडेच्या बांबूच्या तट्ट्या खडखडायला लागल्या होत्या. ले-हुननं खिडक्या लावून घेतल्या आणि एकदाही "डोळे" म्हणाली नाही. चुई-पेक एक एक ओळ बोटानं वाचत गेले. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"जरा वर कर," ते म्हणाले. आवाज बदलला होता. "यानं चौथं तळं तर लिहिलंच. पण उत्तरेच्या बांधाचं थर्मामीटर वेगळं धरलंय. वारा तिकडून येतो, पाणी तिथं आधी गार होतं. मी सगळ्यांची सरासरी काढायचो." त्यांनी बोट त्या ओळीवर टेकवलं. "म्हणून मागच्या वर्षी पंप उशिरा लागले. सरासरी ऊबदार दाखवत राहिली आणि उत्तरेचे मासे मेले. मी हिवाळाभर दुसरीकडंच शोधत होतो."

"मग कुणाचं ठेवू?"

"दोघांचं. माझं पंपाचं गणित, त्याचा बांध. सांगतो तसं लिही."

ते सांगत गेले, ती लिहीत गेली. बाळ ले-हुनच्या खांद्यावर होतं. दोन ठिकाणी चुई-पेकनी तिला चुकीचं सांगितलं, दोन्ही वेळा तिने दाखवलं, आणि दोन्ही वेळा ते म्हणाले की बघत होतो तुझं लक्ष आहे का. मग तिने मशीनवर पंपाची चाचणी घेतली आणि पुन्हा मुळाकडं ढकललं.

या वेळी दार उघडं होतं.

"गेलं?" चुई-पेकनी विचारलं.

"गेलं."

पहिला बुन-श्योंगच फोनवर आला. "चौथं तळं सापडलं! आणि माझ्या ओळी अजून आहेत? चुई-पेकनी काढल्या नाहीत?"

चुई-पेकनी फोन हिसकावून घेतला. "ए माकडा! इतकी वर्षं हे डोक्यात होतं तर बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलू देता का, चुई-पेक?"

"पुढच्या वेळी लिहून ढकल. बोलू नकोस," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. तोंड दुसरीकडं वळवून बराच वेळ चष्मा पुसत बसले.

उजेड आहे तोवरच चारही गावांनी नवीन प्रोग्रॅम ओढून घेतला. लाट आली ती दात वाजवणारी. पण उत्तरेच्या बांधाचं पाणी गार व्हायला लागलं तसे पंप आपोआप घरघरले. कुणाला उठून बघायला जावं लागलं नाही. सकाळी ले-हुननं कचेरीचं दार उघडलं तेव्हा फोन वाजतच होता. खाम-तिंग म्हणालं, सगळे हलतायत. दुसऱ्या गावानं सांगितलं, तळाशी गोळा झालेत, पण जिवंत. तिसऱ्या गावच्या म्हातारीनं नुसतंच विचारलं, आज काय भावानं घेताय मासे? लुन-आच्या बांधावर धुकं उठत होतं आणि हुई-शिनचा बाप एकटाच मोठमोठ्यानं गात होता. त्याला गाता येत नाही हे सगळ्या गावाला माहीत, पण त्या दिवशी कुणी त्याला गप्प केलं नाही.

बाळाचा महिना भरला तेव्हा गल्लीभर तेलभात आणि लाल अंडी वाटली. चारही गावांहून माणसं आली. बुन-श्योंगनं पुरुषभर उंचीचा फटाक्यांचा हार आणला आणि बाळाचा बाप तैपेईहून आला तो त्या आवाजानं दचकून जवळजवळ तळ्यात पडला. चुई-पेक बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. येईल त्याला लॅपटॉपवर कोठार दाखवत होते. तोवर त्यात सहा जणांची नावं झाली होती. "हा बघा, हा म्हणतो मी तिसऱ्या ओळीत चुकलोय," ते एकाकडं बोट दाखवून म्हणाले, "आणि नालायक बरोबर म्हणतोय!" हुई-शिननं महिन्यानंतर पहिल्यांदाच केस धुतले होते. ते तसेच ओले सोडून ती अंगणात, भर वाऱ्यात उभी राहून दुसरा वाडगाभर तेलभात खात होती. तिच्या आईनं बघितलं आणि तिच्या वाडग्यात आणखी एक लाल अंडं ठेवलं.

यांग मू-श्वे, म्हणजेच चुई-पेक, प्रजासत्ताकाच्या एकशे नवव्या वर्षी, सातव्या महिन्यात, लुन-आच्या आपल्या घरी झोपेतच वारले. वय सत्याहत्तर होतं.