मशीनवर एकच नाव

दीड वाजता प्राणेश जेवायला येणार होता आणि साडेअकराला मी त्याच्या कॉम्प्युटरची खालची पट्टी उडवून बसले होते. तीच पट्टी, जिच्यावर मेनू, घड्याळ आणि सगळ्या प्रोग्रॅमची चित्रं ओळीनं बसतात. माझ्या नवऱ्यानं दोन वर्षं खपून लिनक्सवर ती आपल्या मनासारखी मांडली होती. मागच्या महिन्यात त्यातलं एक चित्र माझ्या हातून जरा सरकलं, तर त्यानं माझं मधलं बोट ड्रॉवरमध्ये धरून ड्रॉवर बंद केला. एका चित्राला एक बोट. आज तर अख्खी पट्टी गेली होती.

खोड माझ्या रक्तातली. माहेरी चार पिढ्या रंगारी, मला चुकीचा रंग सोसत नाही. त्याचा पीएचडीचा प्रबंध टाइप करायला मी रोज चार तास त्या मशीनसमोर बसते, आणि पट्टी अशी पोपटी की डोळे चुरचुरतात. रंग जरा उतरवावा म्हणून उजवं बटण दाबलं, तर हात घसरून 'काढून टाका'वर गेला. मशीननं 'नक्की?' असं विचारलंही होतं. मी मेलीनं घाईत हो म्हटलं.

मार म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी जांभळा, चौथ्या दिवशी हिरवा, आठव्या दिवशी हळदीसारखा. रंगाऱ्याच्या मुलीला हे कुणी शिकवायला नको. मी शहराच्या त्या टोकाला, बोगादीला राहणाऱ्या मावसबहिणीला, पूजिताला, फोन लावला. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे.

"अक्का, अळू नको, रडतेस काय, सुम्ने गप ऐक," ती म्हणाली. "आधी नवीन यूजर कर, त्याला अ‍ॅडमिन कर. तिथं पट्टी दिसली तर मशीन सरी, ठीक आहे, भावजींचं सेटिंग तेवढं हाळ झालंय, बिघडलंय."

त्याचा पासवर्ड मला पाठ होता. नव्या यूजरचं नाव विचारलं, मी 'वेदवती' लिहिलं. लग्नाला नऊ वर्षं झाली, या चामराजपुरमच्या घरात कशावर तरी माझं नाव मी पहिल्यांदाच पाहिलं. त्या नावानं आत शिरले तर खाली पट्टी जागच्या जागी. मी आधी तिला माहेरच्या मंजिष्ठेचा लाल रंग दिला. एवढ्या भीतीतही मला हसू आलं.

मग पूजितानं सांगितलं तसं त्याच्या नावात गेले, सेटिंगच्या लपलेल्या फोल्डरचं नाव बदललं, बाहेर पडून परत शिरले. कोरी पट्टी आली. अकरा चित्रं त्याच क्रमानं लावली आणि तो पोपटी रंगही निमूट परत चढवला.

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. "आता तो नवीन यूजर काढून टाक, अक्का." काढायला गेले. मशीननं विचारलं, वेदवतीच्या फाइल ठेवायच्या की पुसायच्या? फाइल एकही नव्हती, तरी माझा हात धजेना. मी 'रद्द'वर क्लिक केलं आणि मशीन बंद करून ठेवलं.

प्राणेश आला. बूट काढायच्या आधी त्यानं मशीन चालू केलं. पडद्यावर दोन नावं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

त्यानं कीबोर्ड उचलून माझ्या तोंडावर हाणला. कीबोर्ड शाबूत राहिला, ओठ फाटला, एक दात हलला. मग केसांना धरून त्यानं माझं कपाळ टेबलाच्या कडेवर दोनदा आपटलं. दारात सासूबाई उभ्या होत्या, हातात सारूची पळी.

"सुम्ने इर, गप राहा, वेदवती," इंदिराबाई म्हणाल्या. "नवऱ्यानं मारलं नि पावसानं झोडपलं, सांगायचं कुणाला?"

पाऊस निदान थांबतो.

प्राणेशनं माझी मान खुर्चीकडे वळवली. "माझं जेवण होईस्तोवर ह्या मशीनवर एकच नाव राहिलं पाहिजे. गोत्तायता? कळलं?"

मी मान हलवली. तो हात धुऊन पाटावर बसला. आतून भात वाढल्याचा आवाज आला.

मी माझ्या नावानं आत शिरले. लाल पट्टी आली. यूजरची यादी उघडली. माउसला रक्त लागलं होतं, ते पदरानं पुसलं. दोन नावांपैकी एकावर क्लिक करून 'काढून टाका' म्हटलं.

मशीननं विचारलं, प्राणेशच्या फाइल ठेवायच्या की पुसायच्या?

प्रबंधाची तीनशे चाळीस पानं, ओळन् ओळ माझ्या बोटांनी टाइप केलेली. दुसरीकडे कुठं कॉपी नव्हती. लोक चोरतात म्हणून तो पेनड्राइव्ह घरात येऊ देत नसे. मला इतका राग कधी आला नव्हता, आणि माझा हात इतका स्थिर कधी नव्हता. मी 'पुसा'वर क्लिक केलं. 'नक्की?' या वेळी मी घाई केली नाही. नीट वाचलं आणि हो म्हटलं.

त्याचा ताकभात अजून व्हायचा होता. मी ओठावर पदर धरला, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरून बोगादीची रिक्षा केली. मागं पडद्यावर एकच नाव होतं, त्यानं सांगितलं होतं तस्संच.